१२० टोप्यांवर 'बागायतदार': पफ एम्ब्रॉयडरीत मराठी अक्षर बसवताना काय काय झालं

मागच्या वर्षी ऑगस्ट संपताना तासगावकडची तीन पोरं दुकानात आली. द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीच्या आधी त्यांच्या ग्रुपचा मेळावा होता, सकाळी चर्चासत्र, दुपारी जेवण, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक कॅप, एक टीशर्ट, एक पिशवी द्यायची होती. १२० नग. त्यातल्या एकानं मोबाईलवर फोटो दाखवला, कुठल्यातरी परदेशी बेसबॉल टीमची टोपी, पुढचं इंग्रजी अक्षर कापडातून बोटभर वर आल्यासारखं. "ताई, असलंच पायजे, पण मराठीत. नुसतं 'बागायतदार' लिवायचं, मोठ्ठं."

मी म्हटलं होईल की. तिथंच चूक झाली, कारण तोपर्यंत मी पफ, म्हणजे असं उठलेलं भरतकाम, केलं होतं ते सगळं इंग्रजी, जिमवाल्यांची दोन अक्षरं, एका मंडळाचा आकडा, एवढंच. मराठी शब्द पफमध्ये कधी काढलाच नव्हता. आणि इंग्रजी जमतंय म्हणजे मराठी जमणारच असं मला वाटलं, जसं सगळ्यांना वाटतं.

आमचं काम छोटं आहे. आधी दुकान सांगलीच्या गावभागात होतं, २०१९ च्या पुरानंतर विश्रामबागेत आणलं. एक हेड, म्हणजे एका वेळी एकच नग शिवणारं, १५ सुयांचं मशीन, एक ऑपरेटर पोरगा आणि मी. पंचिंग, म्हणजे चित्रावरून मशीनला कळणारी टाक्यांची फाईल बनवणं, बाहेरून करून घेतो, सुरतचा एक पंचर आहे, व्हॉट्सअपवर चित्र पाठवायचं आणि तो डीएसटी फाईल पाठवतो. माणूस हुशार आहे, साड्यांच्या बॉर्डर तर डोळे झाकून पंच करेल, पण त्याला मराठी वाचता येतं ते हिंदीइतकंच.

ज्यांना पफ म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोपीवर फोमची चकती किंवा पट्टी ठेवायची, २ किंवा ३ एमएमची, आणि तिच्यावरून सॅटिन टाका मारायचा, म्हणजे अक्षराच्या दांड्याच्या या कडेवरून त्या कडेवर आडवा जाणारा टाका. साध्या सॅटिनमध्ये दोन टाक्यांच्या मधे साधारण ०.४ एमएम जागा असते. पफमध्ये ती निम्म्यावर आणायची, ०.२ किंवा त्याहून कमी, कारण इथं सुईला दोन कामं आहेत, एक धागा भरायचा आणि दुसरं फोम कापायचा. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला भोकं असतात ना, तसं सुई अक्षराच्या कडेनं भोकं पाडत जाते आणि शेवटी बाहेरचा फोम ओढला की तो कडेवर फाटून निघून येतो, आतला धाग्याखाली राहतो. तो आत राहिलेला फोम म्हणजेच तुमचं उठलेलं अक्षर.

आता यातच सगळी गोम आहे. सुई फोम कापते ती फक्त दांड्याच्या दोन बाजूंना. दांड्याचं टोक मात्र उघडंच राहतं, तिथं फोम कोण कापणार? म्हणून टोकाला वेगळे टाके टाकून ते बंद करावं लागतं, त्याला आम्ही टोपण घालणं म्हणतो, चांगला पंचर ते प्रत्येक टोकाला घालतो. नाही घातलं तर अक्षराच्या टोकातून फोम जीभ काढून बाहेर बघत बसतो.

पहिलं सॅम्पल निघालं ते बघून ऑपरेटर हसायलाच लागला. मलाही हसू आलं खरं तर पण दाखवलं नाही. शिरोरेघ म्हणजे टोपीवर ठेवलेली शेवग्याची शेंग. ब चं पोट पूर्ण भरून गेलेलं, तो ब आहे का व आहे का नुसता गोळा आहे कळत नव्हतं. ग ची खालची गाठ गायब. मधल्या शिवणीपाशी य चा दांडा वाकडा, जसा कुणी ढकललाय. आणि मरून रंगाच्या धाग्याखाली पांढरा फोम ठिकठिकाणी दाणे दाणे दिसत होता, कारण मरून फोम नव्हता म्हणून मी पांढरा वापरला होता, म्हटलं सॅम्पलच तर आहे. सॅम्पलला सुद्धा रंगाचाच फोम घ्या, नाहीतर चूक फाईलची आहे का रंगाची हेच समजत नाही आणि आपण उगाच पंचरला शिव्या घालतो.

फोमचं अजून एक. मधे एकदा फोम संपला तर ऑपरेटर स्टेशनरीच्या दुकानातून पोरांच्या क्राफ्टची रंगीत फोमशीट घेऊन आला, दिसायला तीच, निम्म्या पैशात. ती मऊ असते, कडेवर सरळ तुटत नाही, दातेरी तुटते आणि तंतू राहतात. एम्ब्रॉयडरीचा फोम घट्ट असतो. आम्ही मुंबईहून कुरिअरनं मागवतो, आणि आता आधी धाग्याचा रंग ठरवतो आणि मग फोम मागवतो.

पंचरला फोन लावला. तो म्हणाला मॅडम डेन्सिटी (टाक्यांची दाटी) बराबर है, फाईल बराबर है. आणि खरंच फाईलमध्ये तसा दोष नव्हता. त्यानं कॉम्प्युटरमधला साधा जाड फॉन्ट घेतला होता आणि त्याला पफची डेन्सिटी दिली होती. चूक ही होती की ते अक्षर पफसाठी काढलेलंच नव्हतं.

रात्री कागद घेऊन बसले आणि शब्द खऱ्या मापात काढला. टोपीच्या पुढच्या भागावर रुंदी धरली ११० एमएम, त्याच्या पुढं गेलं की कपाळाच्या वळणावर अक्षरं कानाकडं पळायला लागतात. बागायतदार म्हणजे सहा अक्षरं आणि त्यातले तीन काने. ब च्या वाट्याला आले १५ एमएम. दांडा ४ एमएमचा पाहिजे, ३ च्या खाली गेलं की फोम आत टिकत नाही, दोन बाजूंची भोकं इतकी जवळ येतात की फोमचा चुराच होतो. म्हणजे ब चा उभा दांडा ४, पोटाची कड ४, आत राहिले ७. त्या ७ मधून तिरकी रेघ जाणार, तीही ३ ची धरली तर दोन्ही बाजूला जेमतेम २-२ एमएमची फट. उठलेल्या फोमच्या मधली २ एमएमची फट डोळ्याला दिसतच नाही, दोन्हीकडचे धागे फुगून एकमेकांना चिकटतात. म्हणजे मशीन कितीही भारी आणा, हा ब असाच भरून येणार होता. हे कागदावर आधी केलं असतं तर चार टोप्या वाचल्या असत्या.

उपाय सुचला तो मात्र मला अजून आवडतो. पफच्या कामात नियम असा की सपाट भरतकाम आधी, फोम सगळ्यात शेवटी, कारण एकदा फोम लागला की त्याच्या शेजारी सपाट काम करताना मशीनचा पाय त्याला दाबतो. मग ब ची तिरकी रेघ सपाट करायची. आधी टोपीच्या कापडावर दीड एमएमची बारीक सपाट तिरकी रेघ, त्याच धाग्यात. मग मशीन थांबवायचं, फोम ठेवायचा, आणि ब चं पोट आणि दांडा पफमध्ये शिवायचा. रेघेची दोन्ही टोकं पफच्या खाली जातात. शेवटी पोटातला फोमचा तुकडा चिमट्यानं ओढला की आत खाली ती तिरकी रेघ दिसते, विहिरीत वाकून बघितल्यासारखी. वाचताना डोळा बरोबर ब वाचतो.

शिरोरेघेचं प्रकरण याहून मोठं. पंचर म्हणाला काढूनच टाका, आजकाल सगळे मॉडर्न लोगो शिरोरेघ नसलेले असतात. मी तसं एक चित्र करून पोरांना पाठवलं. पोरं म्हणाली भारी आहे, पण मग त्यांच्यातल्या एकाचे वडील, तात्या, स्वतःच दुकानात आले. चित्र बघितलं, चष्मा काढला, परत घातला. "हे गुजराती हाय व्हय?"

शिरोरेघ राहिली.

आणि तात्यांमुळं बरंच झालं म्हणायचं, कारण परत विचार करताना लक्षात आलं की शिरोरेघ ही पफमध्ये अडचण नाहीच, उलट सोयच आहे. इंग्रजी अक्षरात प्रत्येक टोकाला टोपण घालावं लागतं. मराठीत अक्षरांची वरची टोकं बहुतेक सगळी शिरोरेघेलाच जाऊन टेकतात. मग आधी अक्षरं शिवायची, त्यांची वरची टोकं उघडीच सोडायची, एक सव्वा एमएम शिरोरेघेच्या जागेत घुसू द्यायची, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी वरून मारायची. ती त्या सगळ्या उघड्या टोकांचं एकाच दमात टोपण होते. ब, ग, य, त, द, र आणि तिन्ही काने, सगळी वरची टोकं बंद. टोपण घालायचं राहतं ते फक्त खालच्या टोकांना आणि शिरोरेघेच्या स्वतःच्या दोन टोकांना. पंचरला हे सांगितलं तेव्हा तो दोन सेकंद गप्प झाला आणि मग म्हणाला, ये तो हमने सोचा नहीं. पहिल्या फाईलमध्ये त्यानं शिरोरेघ आधी मारली होती, मग अक्षरं तिच्यावर चढत होती, म्हणून प्रत्येक जोडाला गाठ आली होती आणि ती शेवग्याची शेंग झाली होती.

शिरोरेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं मात्र मारायची नाही. टोपी फ्रेमवर गोल ताणलेली असते, एका बाजूनं ११० एमएम शिवत गेलं की कापड पुढं ढकललं जातं आणि शेवटाला सुरकुती उरते. मधून डावीकडं, परत मधून उजवीकडं. अक्षरंसुद्धा तशीच, मधलं आधी आणि मग बाहेर बाहेर. जोड मधे येतो तो य च्या डोक्यावर, तिथं एक दोन टाके एकमेकांवर चढवले की दिसत नाही.

मधली शिवण राहिली. सहा पॅनेलच्या, म्हणजे सहा तुकडे जोडलेल्या, टोपीला बरोबर कपाळाच्या मधे शिवण असते, आत दुमडलेलं जाड कापड आणि त्याच्या मागं बक्रम, म्हणजे कडक अस्तर. आमच्या मापात ती य च्या दांड्याच्या कडेला येत होती. सुई त्या उंचवट्याच्या उतारावर पडली की घसरते, म्हणून तो दांडा वाकडा. सोपा उपाय म्हणजे पाच पॅनेलची टोपी घ्यायची, तिला पुढं शिवणच नसते, पण पोरांना सहाचीच पाहिजे होती, पाचची ट्रकवाल्यांसारखी दिसते म्हणे. मग डावीकडची अक्षरं केसभर केसभर आवळली, उजवीकडची तेवढीच सैल केली, आणि य चा दांडा बरोबर शिवणीवर मधोमध आणला. आता शिवण दांड्याच्या पोटात गेली आणि सुई दोन्ही बाजूंना सपाट कापडावर पडायला लागली. शब्द मोजून बघितला तर डावीकडं आणि उजवीकडं फरक आहे, पण टोपी घातलेल्या माणसाकडं कोण पट्टी घेऊन बघतंय.

'तासगाव' त्यांना खाली छोट्या अक्षरात पाहिजे होतं, आणि द्राक्षाचा घडही. घड पफमध्ये म्हणत होते. एकेक मणी ५-६ एमएमचा, शेजारी शेजारी, सगळा मिळून एक गोळा झाला असता. तो सपाट केला. 'तासगाव' झापेच्या, म्हणजे टोपीच्या उन्हासाठी पुढं आलेल्या भागाच्या, इतकं जवळ येत होतं की मशीनचा पाय झापेला टकटक आपटत होता, तेही उचललं. आमची फ्रेम २७० अंशांची आहे, म्हणजे टोपी न काढता एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत शिवता येतं, म्हणून घड आणि 'तासगाव' दोन्ही डाव्या बाजूला नेलं, ८ एमएमचं अक्षर, सपाट. परत फ्रेम लावायची मजुरी वाचली आणि पुढं फक्त एक शब्द राहिला, जो मला वाटतं पोरांना मुळात पाहिजे होता.

तिसरं सॅम्पल पास झालं. मशीनची सेटिंग विचारतील लोक म्हणून सांगते, ही आमच्या मशीनची आहे, तुमच्याकडं थोडी हलेल. स्पीड ८०० वरून ६०० वर आणला, सुई ७५ नंबरची टोकदार होती ती जाड बक्रमवर वाकायला लागली म्हणून ८० ची घातली. बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची, नाही, ती फोम कापत नाही, ढकलते. वरच्या धाग्याचं टेन्शन सैल, कारण घट्ट धागा फोमला दाबून टाकतो आणि मग एवढा सगळा उद्योग कशाला केला असं होतं. पाय थोडा वर उचलला. खालचे आधाराचे टाके, जे सपाट कामात आपण नेहमी टाकतो, ते पफखाली जवळजवळ बंद केले, फोम धरून ठेवायला नुसता एक हलका धावदोरा. फोम चिकटटेपनं लावला, स्प्रे नाही. स्प्रेनं सोपं जातं पण तो उडून खालच्या, धागा पकडणाऱ्या हुकात जातो आणि आठवड्यानं मशीन रडायला लागतं.

टाके ११,४०० झाले, तोच शब्द सपाट असता तर ६,००० च्या आसपास. ६०० च्या स्पीडनं १९ मिनिटं मशीनवर, आणि फ्रेम लावणं, फोम ओढणं, चिमटा, शेवटी हीटगन यात अजून ५. १२० टोप्यांना २४ मिनिटांनी ४८ तास. मी कोटेशन दिलं होतं ते सपाट कामाच्या अंदाजानं थोडं वाढवून. म्हणजे पाच दिवस मशीन दुसरं काही करत नव्हतं आणि मी मनातल्या मनात हिशोब करत होते. पफला दर लावताना नुसते टाके मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची, हे मला या ऑर्डरनं शिकवलं आणि फुकट नाही शिकवलं.

हीटगनबद्दल. फोम ओढल्यावर कडेला बारीक केस राहतात, ते गरम हवेनं आक्रसून आत जातात. लांबून, हलवत, दोन तीन सेकंद. ऑपरेटरनं एका टोपीवर एकाच जागी धरली, वरचा पॉलिस्टरचा धागा चुरगळला आणि खालचा फोम बसला, र ला खळी पडली. ती टोपी आता तोच घालतो.

एकूण गेल्या सात टोप्या. चार सॅम्पलमध्ये, एक ही खळीवाली, आणि दोन लाईट गेल्यामुळं. सपाट कामात लाईट गेली तर दहा टाके मागं घेऊन परत सुरू करता येतं, कळत नाही. पफमध्ये त्या जागी फोम आधीच कापलेला असतो, सुई केसभर बाजूला पडली तरी दुसरी भोकांची रांग पडते आणि दांडा तिथंच तुटतो. पहिल्यांदा गेली तेव्हा द अर्धा झाला होता. दुसऱ्यांदा शिरोरेघ, शेवटचे वीस टाके राहिले असतील, त्या दिवशी मी जेवले नाही. नंतर मशीनला यूपीएस लावला.

टीशर्टवर पण पफच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता, सेट दिसायला पाहिजे म्हणून. मी एक करून दाखवला, तोंडानं सांगून पटत नाही. मऊ होजिअरी कापड, मागं कितीही कॅन्व्हास लावा, ११ हजार टाक्यांनी ते आवळलं आणि छातीवर शब्दाभोवती चुण्या पडल्या, वर अंगातला शर्ट पुढच्या बाजूला लोंबत होता. आणि टीशर्ट रोज धुतला जातो, आपटून धुतला जातो. टोपी महिन्यातून एकदा, तीही मनात आलं तर. पोरांनी घालून बघितलं आणि स्वतःच नको म्हणाले. टीशर्टवर छातीला छोटा सपाट घड. पिशवी मात्र जाड कॅन्व्हासची होती, तिच्यावर पफ टोपीपेक्षाही देखणं आलं, सपाट फ्रेम, शिवण नाही, वळण नाही. ज्याला पहिल्यांदा पफ करायचंय त्यानं पिशवीपासून सुरू करावं असं मी आता सांगते, टोपीपासून नको.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी माल नेला. तात्या परत आले होते. खिशातून पांढरी गांधी टोपी काढली, कडक इस्त्रीची, आणि म्हणाले, "ताई, ही पोरांची टोपी मी काय घालायचो न्हाई. हेच ह्याच्यावर काढून द्या." मला वाईट वाटलं पण नाही म्हणाले. ते कापड पातळ, मागं बक्रम नाही, आणि ती टोपी घडी घालून खिशात जाणार, फोमची घडी पडली की पडली. त्यांना आतल्या पट्टीवर सपाट, छोट्या अक्षरात नाव काढून दिलं, पैसे घेतले नाहीत.

दोन महिन्यांनी तिघं चौघं भेटले. बहुतेक टोप्या चांगल्या होत्या, फवारणीच्या पाण्यानं आणि घामानं रंग गेला पण अक्षर उभं होतं. एक टोपी दबून आली, गाडीच्या डिकीत औषधाच्या डब्याखाली राहिली होती. वाफ देऊन बघितली, थोडी उठली, पूर्वीसारखी नाही. धुण्याचं मी आधी सांगितलंच नव्हतं, आता प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकते की हातानं धुवा, पिळू नका, इस्त्री नको, वर काही ठेवू नका.

आता त्यांचीच दुसरी ऑर्डर आहे, या वेळी शब्द वाढवलाय, 'द्राक्ष बागायतदार', दोन ओळीत, दोन्ही पफ. कागदावर काढून बघितलं. द्रा निघेल, द च्या खालचा र तिरका आणि सपाट केला तर. क्ष चं पोट आणि त्याची गाठ त्या मापात काही केल्या बसत नाही, वरची ओळ सपाट ठेवू म्हणून सांगितलंय, त्यांचा निरोप यायचाय. क्ष चे चार कागद मशीनशेजारी खिळ्याला टोचून ठेवलेत, ऑपरेटर रोज एक नवीन काढतो.